मशीनमध्ये धुतलेला पाचू फिका का पडला, आणि बाकीचे दागिने कसे सांभाळायचे

ताई, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. आईकडून आलेली पाचूची अंगठी तुम्ही रोज घालत होतात. दिवाळीआधी इतर दागिन्यांबरोबर ती सराफाकडे दिलीत, त्यांनी मशीनमध्ये धुऊन लगेच परत केली. सोनं लखलखीत झालं, पण पाचू फिका दिसायला लागला आणि आत पांढरट रेघा उमटल्या. दुकानदार म्हणतात, रेघा आधीपासूनच होत्या. तुम्ही वाचलंत की पाचूचा कठिणपणा ७.५ ते ८ असतो, मग साबणाच्या पाण्याने तो बिघडेल कसा? आणि आता घरातली मोत्याची नथ, तन्मणी, माणकाच्या कुड्या, मिस्टरांची पोवळ्याची अंगठी आणि लेकीचं टॅन्झनाइटचं पेंडंट कसं सांभाळायचं, घरी टूथपेस्टने घासलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी रविवार पेठेत खडे तपासायचं आणि जुन्या दागिन्यांच्या जडावाच्या दुरुस्तीचं काम करतो. धुतल्यावर फिका पडलेला पाचू घेऊन सणासुदीच्या आगेमागे कुणी ना कुणी येतंच, त्यामुळे तुमचं वर्णन ओळखीचं वाटलं. तरी तुमची अंगठी मी भिंगाखाली पाहिलेली नाही. पाचूबद्दल खाली जे सांगतो ते बहुधा तसंच झालं असावं, पण खडा कुणीतरी दहापट भिंगातून पाहिल्याशिवाय शिक्कामोर्तब करता येणार नाही.

तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे, आणि ती दुकानांत, वधूवरांच्या घरांत, सगळीकडे आढळते: खड्याची मजबुती एका आकड्यावरून कळते. ती तशी कळत नाही. ७.५, ८, ९ हे जे आकडे सांगतात ते मोह्स स्केलचे. फ्रीड्रिख मोह्स या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये दहा खनिजं एका क्रमाने लावली, आणि तो क्रम एकच गोष्ट सांगतो: कुणाच्या अंगावर कोण ओरखडा काढू शकतं. सर्वांत खाली टाल्क १, गारगोटी ७, टोपाझ ८, माणिक आणि नीलम ज्या कुरुंदाचे प्रकार तो ९, आणि हिरा १०. हे नुसते क्रमांक आहेत. ९ आणि १० मधलं अंतर बाकीच्या कुठल्याही दोन क्रमांकांमधल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठं आहे.

ओरखडा न पडणं वेगळं आणि धक्क्याने न फुटणं वेगळं. या दुसऱ्या गुणाला आपण चिवटपणा म्हणू. हिऱ्याला ओरखडा फक्त हिराच पाडतो, पण हिऱ्याच्या आत चार दिशांना अशी प्रतलं असतात की त्या दिशेने नेमका घाव बसला तर तो स्वच्छ दुभंगतो. याला पाटन म्हणतात. टोपाझ मोह्स स्केलवर ८ वर असूनही एका दिशेला सहज चिरतो. याच्या उलट जेड. त्याचा क्रमांक सहा-सातच्या आसपास, म्हणजे गारगोटीहून थोडा खालीच. पण नेफ्राइट जातीच्या जेडमध्ये बारीक तंतू एकमेकांत इतके घट्ट विणलेले असतात की त्याच्यापासून पूर्वी कुऱ्हाडी घडवत. मोतीसुद्धा मऊ असला तरी हातातून फरशीवर पडला म्हणून सहसा फुटत नाही.

तिसरा गुण म्हणजे उष्णता, रसायनं, ऊन आणि कोरडी हवा यांच्यापुढे खडा टिकतो का. घरातल्या दागिन्यांचं जास्तीत जास्त नुकसान इथे होतं, आणि नेमकी हीच गोष्ट मोह्स स्केल सांगत नाही. तुमच्या पाचूवर ओरखडा पडला नाही आणि त्याचा तुकडाही उडाला नाही. तो या तिसऱ्या ठिकाणी हरला.

आता पाचूच्या आत काय झालं ते सांगतो. पाचू हा बेरिल नावाच्या खनिजाचा हिरवा प्रकार, आणि जमिनीतून निघणाऱ्या बहुतेक पाचूंमध्ये बारीक भेगा असतातच. त्यातल्या काही पृष्ठभागापर्यंत पोचलेल्या असतात. भेगेत हवा असते, हवेतून जाताना प्रकाश एकदम वळतो आणि परततो, म्हणून भेग पांढरी चमकते. व्यापारात फार पूर्वीपासून यावर एक उपाय चालत आला आहे: पैलू पाडून झाले की खड्यात देवदारी तेल मुरवायचं. पाचूचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, साधारण १.५७ ते १.५८, देवदारी तेलाचा १.५१ च्या आसपास. हवेपेक्षा तेल पाचूच्या पुष्कळ जवळचं, म्हणून भेग असूनही दिसेनाशी होते. दुधी काच पाण्याने ओली केली की पलीकडचं दिसायला लागतं, तसंच हे. हल्ली तेलाऐवजी कृत्रिम रेझिनही भरतात. ही लपवाछपवी नव्हे. बाजारातल्या बहुतेक पाचूंवर हे केलेलं असतं आणि चांगली प्रयोगशाळा प्रमाणपत्रात ते किती प्रमाणात आहे ते लिहून देते. चूक होते ती गिऱ्हाइकाला सांगायचं राहतं तेव्हा.

दुकानातलं ते मशीन अल्ट्रासॉनिक. कोमट साबणाच्या पाण्यात सेकंदाला चाळीस हजारांच्या आसपास कंपनं सोडतात, त्यातून अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, आणि फटीतला मळ खेचून काढतात. मळ आणि तेल यांत मशीन फरक करत नाही. भेगांमधलं तेल निघालं, तिथे हवा शिरली, आणि आईच्या काळापासून झाकलेल्या रेघा वर आल्या. कधी कधी याच कंपनांनी भेग पुढेही सरकते.

म्हणून दुकानदारांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. रेघा होत्या, पण दिसत नव्हत्या, आणि त्या ज्याने झाकल्या होत्या ते त्यांच्या मशीनने काढलं. पाचू अल्ट्रासॉनिकमध्ये आणि वाफेच्या झोताखाली धरायचा नसतो, ही या धंद्यातली अगदी प्राथमिक गोष्ट आहे. दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवं की ती अंगठी रोज घालून भांडी, कपडे, हातावर सॅनिटायझर हे सगळं होत असेल, तर तेल वर्षानुवर्षं थोडं थोडं निघतच आलं असणार. मशीनने उरलेलं काढलं.

आता काय करायचं? सध्या अंगठी घालू नका आणि पुन्हा धुऊ नका. कुणी सांगितलं म्हणून खोबरेल किंवा तिळाचं तेल चोळू नका. दोन दिवस खडा छान दिसेल, मग वनस्पती तेल पिवळं पडतं, चिकट होतं, आणि भेगेत धूळ धरून बसतं. नंतर ते काढणं जास्त अवघड. पाचूला पुन्हा तेल देणारे कारागीर असतात. आपल्याकडे पाचूच्या कटिंगचं मोठं केंद्र जयपूर, त्यामुळे पुण्यातले बरेच सराफ खडा तिकडे किंवा मुंबईला पाठवतात. खडा कोंदणातून काढून, भेगा साफ करून, हलक्या उष्णतेत आणि निर्वात भांड्यात तेल मुरवतात. नवी भेग पडलेली नसेल तर रूप बरंचसं परत येतं. मात्र हे कायमचं नाही, काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं. आणि खडा परत बसवताना नुसत्या चार काट्यांवर न बसवता चारी बाजूंनी सोन्याची कड असलेल्या कोंदणात बसवून घ्या. पाचूचे कोपरे आधी जातात, कड त्यांना धक्क्यापासून वाचवते.

हाच विचार माणकालाही लावायचा, फक्त तिथे उत्तर उलटंसुलटं येऊ शकतं. माणिक ९ वर, चिवटपणाही उत्तम, पाटन नाही. बाजारातलं बहुतेक माणिक भट्टीत तापवून रंग उजळलेलं असतं, आणि तो बदल टिकाऊ असतो, त्याची काळजी करायची गरज नाही. पण २००४ च्या सुमारापासून भरपूर भेगा असलेल्या हलक्या माणकात शिशाची काच भरून विकण्याची पद्धत वाढली. असा खडा मोठा, लाल आणि आश्चर्यकारक स्वस्त असतो. त्यातली काच मऊ असते. लिंबाच्या रसानेसुद्धा तिच्यावर ओरखडल्यासारखे चट्टे उठतात, आणि कारागिराच्या फुंकणीची ज्योत लागली तर ती वितळून बाहेर येते. भिंगातून पाहिलं तर आत चपटे बुडबुडे आणि खडा हलवताना निळसर झाक दिसते. म्हणजे दोन माणकं शेजारी ठेवली, दोन्ही ९ वरची, आणि एक मशीनमध्ये निर्धास्त धुता येतं, दुसरं लिंबू पिळतानाही बोटात ठेवू नये.

तुमच्या कुड्या आजीच्या काळच्या आहेत असं लिहिलंत, तेव्हा काच भरलेलं माणिक असण्याची शक्यता जवळजवळ नाही. मात्र ते कृत्रिम माणिक असू शकतं. ऑग्युस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये ज्योतीत माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली आणि त्यानंतर असे खडे जगभर पोचले, आपल्याकडच्या जुन्या दागिन्यांतही सापडतात. यात मन खट्टू करून घेऊ नका. कृत्रिम माणकाचं घटकद्रव्य आणि कठिणपणा खऱ्यासारखाच, त्यामुळे सांभाळण्याच्या दृष्टीने काहीच फरक पडत नाही. किमतीत पडतो.

पण कुडी म्हणजे नुसतं माणिक नाही, भोवती मोत्यांचं फूल आहे. नथीतही लाल-हिरवे खडे आणि मोती एकत्र. आपल्या मराठी दागिन्यांची ही खासियत आहे, आणि म्हणूनच परदेशी लेखांतले सल्ले इथे जसेच्या तसे लावू नयेत. तिथे एक अंगठी, एक खडा असा विचार असतो. आपल्याकडे दागिन्यात जो सर्वांत नाजूक पदार्थ असेल त्याच्या तब्येतीप्रमाणे अख्खा दागिना धुवायचा. कुडीत माणिक कितीही दणकट असलं तरी कुडी मोत्यासारखी हाताळायची.

मोत्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पुण्यातल्या जुन्या घरांत सर्वांत जास्त मोतीच असतात आणि सर्वांत जास्त हाल त्यांचेच होतात. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय पातळ थर, सेंद्रिय पदार्थाने एकमेकांना चिकटलेले, आणि त्यात थोडं पाणी. मोह्स स्केलवर ३ च्या आसपास. आम्लाने तो विरघळतो, कोरड्या उष्णतेने थर सुकतात आणि चिरतात. घाम किंचित आम्लधर्मी असतो, आणि गळ्यात वर्षानुवर्षं घातलेल्या सरांतले मोती कडांनी झिजून मध्ये फुगीर, पिंपाच्या आकाराचे झालेले मी पाहिले आहेत. अत्तर, हेअर स्प्रे, मेकअपचं फाउंडेशन हे सगळे मोत्याचे शत्रू, आणि नथ तर थेट त्या फाउंडेशनच्या वरच टेकते. हळदी-कुंकवाच्या बोटाचा डागही मोत्याच्या भोकाजवळ मुरतो. त्यामुळे आधी तयारी, शेवटी मोती, आणि घरी आल्यावर सगळ्यांत आधी मोती काढायचे. काढल्याबरोबर मऊ मलमलीचं फडकं साध्या पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, एकेक मोती पुसायचा आणि रात्रभर उघड्यावर वाळू द्यायचा. एवढंच. साबण, सोडा, रिठा काही नको. रिठ्याचं पाणी सोन्याला उत्तम, पण ते हलकं आम्लधर्मी असतं, मोत्याला लावू नये.

तुमच्या तन्मण्याचे मोती जुने, बसऱ्याचे, म्हणजे नैसर्गिक असतील किंवा संवर्धित. संवर्धित म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, बरेचदा आत मणी घालून, आणि काहींमध्ये मण्यावरचा मोत्याचा थर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. तो घासून गेला की आतला फिका मणी डोकावतो, आणि मग पॉलिश करून काही परत येत नाही. नैसर्गिक मोत्यात आतपर्यंत थरच असतात. दोन्हींतला फरक खात्रीने क्ष-किरणांनी कळतो. किंमत ठरवायची असेल किंवा वाटणी करायची असेल तर ती तपासणी करून घ्यावी. नुसतं घालायचं असेल तर दोन्ही सारखेच जपायचे.

तन्मण्यात मोत्याइतकाच महत्त्वाचा त्याचा दोरा. तन्मणी पाण्यात बुडवू नका. वरून कोरडा दिसला तरी भोकांच्या आत दोरा ओला राहतो, कुजतो, ताणला जातो, आणि एखाद्या लग्नात मोती मांडवभर पसरतात. दोन मोत्यांच्या मधे दोरा दिसायला लागला, तो काळपट झाला किंवा सर लोंबल्यासारखा वाटला, की गाठवायला द्यायची वेळ झाली. नेहमी घालत असाल तर दर वर्षी, नाहीतर दोन-तीन वर्षांनी. लक्ष्मी रस्ता, तुळशीबागेच्या आसपास दागिने गाठवून देणारे लोक अजून आहेत, त्यांच्या समोर बसून गाठवून घ्या. मोती त्यांना मोजून द्या आणि मोजून घ्या, यात कुणालाच वावगं वाटत नाही. सर ठेवताना टांगून ठेवू नका, आडवा पसरा.

पोवळं हे मोत्याचंच नातलग, तेही कॅल्शियम कार्बोनेट. मिस्टर ते रोज अनामिकेत घालतात, तेव्हा त्याची वरची चकाकी हळूहळू जाणारच. झिजलेलं पोवळं चांगला कारागीर पुन्हा पॉलिश करून देतो, थोडं वजन कमी होतं. इथे एक गोष्ट विधीबद्दल. खडा धारण करण्याआधी पंचामृतात ठेवतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी जरूर ठेवावा, पण पंचामृतात दही असतं आणि दह्यात आम्ल. मोती आणि पोवळं रात्रभर त्यात बुडवून ठेवू नये. क्षणभर बुडवून लगेच साध्या पाण्याने धुऊन पुसलं तर विधीही होतो आणि खडाही राहतो. पुष्कराज, नीलम यांना रात्रभर ठेवल्याने काही होत नाही. त्या अंगठ्या मागून उघड्या असतात म्हणून खड्याच्या पाठीवर साबण, पीठ, गंध यांचा थर बसतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. खडा खराब झाला असं वाटून लोक घाबरतात, आणि मऊ ब्रशने पाठ घासली की तो पहिल्यासारखा होतो.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर कुठल्याही दागिन्याबद्दल तीन गोष्टी विचारा: खडा कोणता, त्यात काही भरलेलं आहे का, आणि तो कशात बसवला आहे. पहिल्या दोन झाल्या. तिसरीकडे लोकांचं लक्षच नसतं.

मागून बंद असलेल्या कोंदणात, म्हणजे कुंदनाच्या किंवा जुन्या जडावाच्या दागिन्यांत, खड्याखाली चमकता पातळ पत्रा ठेवलेला असतो आणि पोकळ भाग लाखेने भरलेला असतो. खड्याला जे तेज दिसतं त्यातलं पुष्कळसं त्या पत्र्याचं. कडेच्या सूक्ष्म फटीतून पाणी आत गेलं की पत्रा काळा पडतो, आणि मग खडा कितीही पुसला तरी मळकाच राहतो; पूर्ण उकलून पत्रा बदलावा लागतो. उकळत्या रिठ्याच्या पाण्यात टाकलं तर लाख मऊ होते आणि खडेच हलतात. असा दागिना फक्त कोरड्या, अगदी मऊ ब्रशने झटकायचा. शंका असेल तर दागिना उलटा करून पाहा. खड्यामागे सोनं दिसलं, उजेड आरपार येत नसेल, तर पाणी लावायचं नाही.

टॅन्झनाइटचं काम सोपं आहे. हा खडा १९६७ मध्ये टांझानियात सापडला, मोह्स स्केलवर ६ ते ७, पाटन आहे, आणि तापमान अचानक बदललं तर तडकतो. पेंडंट म्हणून लेकीने खुशाल घालावं. उद्या ती त्याची रोजची अंगठी करू म्हणाली तर मी नको म्हणेन. गळ्यातला आणि कानातला खडा कुठे आपटत नाही, बोटातला दिवसभर दार, गाडीची चावी, ओटा यांच्यावर आदळतो. ओपलचंही हेच. त्याच्या अंगात पाणी असतं, आणि एप्रिल-मे महिन्यांतल्या पुण्याच्या कोरड्या दुपारी खिडकीशी ठेवलेल्या ओपलला जाळीसारखे तडे जाऊ शकतात. आपल्या वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट किंवा पाषाणकडचा हिरवा अपोफिलाइट घेऊन काही जण अंगठी बनवून मागतात. जगभरातले संग्राहक या खनिजांसाठी जीव टाकतात आणि मलाही त्यांचा अभिमान वाटतो, पण कॅव्हन्साइट ३-४ वर आहे आणि अपोफिलाइट ५ च्या आत, शिवाय पापुद्र्यासारखा सुटतो. ते काचेच्या पेटीत ठेवावेत. गोमेद, लसण्या, स्पिनेल हे रोज घालायला बरे. बाजारात लसण्या म्हणून कधी साधी गारगोटीही मिळते, ती जरा लवकर घासते इतकंच.

आता टूथपेस्ट. नको. तिच्यात दात घासायचे बारीक कण असतात. हिऱ्यावर त्यांचा परिणाम नाही, पण मोती, पोवळं, ओपल आणि खुद्द सोन्याच्या पॉलिशवर होतो. तांब्यापितळेची पावडर, लिंबू, चिंच, खायचा सोडा हेही नको. घरी धुण्याची माझी पद्धत साधी आहे. वाटीत कोमट पाणी, त्यात सौम्य हँडवॉशचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश, आणि खड्याची पाठ आधी घासायची. मग दुसऱ्या वाटीत साध्या पाण्याने खळबळायचं. हे वाहत्या नळाखाली बेसिनमध्ये कधीही करू नका. सैल झालेला खडा असाच जातो. पाणी कोमटच ठेवा, गरमातून एकदम गारात नेऊ नका. ही पद्धत हिरे, माणिक, नीलम, पुष्कराज, गोमेद, ॲमेथिस्ट यांच्या उघड्या जडावाला चालते. पाचूला चालते, पण पाणी जेमतेम कोमट, बुडवून न ठेवता, आणि क्वचित. मोती, पोवळं, ओपल आणि बंद कोंदण यांना चालत नाही.

कोरड्या पदराने किंवा रुमालाने खडा पुसायची सवय सोडा. शहरातल्या धुळीत गारगोटीचे कण असतात, आणि गारगोटी ७ वर आहे. ७ च्या खालचा प्रत्येक खडा कोरडा पुसताना तुम्ही घासपेपरनेच घासत असता. आधी फुंकर किंवा ओलं फडकं, मग पुसणं. हिऱ्याची गोष्ट जरा निराळी: त्याला तेलकटपणा फार चटकन चिकटतो. आफ्रिकेतल्या खाणींत तर ग्रीस लावलेल्या पाटावरून खडी वाहू देऊन हिरे वेगळे काढत. त्यामुळे रोजच्या अंगठी-मंगळसूत्रातले हिरे पंधरवड्याला एकदा धुतले तरच चमकतात.

ठेवताना प्रत्येक दागिना वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा. एका डबीत हिऱ्याची अंगठी आणि पाचू एकत्र असतील तर हिरा पाचूला खरवडतो. मोती हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. लॉकरमधले दागिने वर्षातून एकदा, गौरी-गणपतीला म्हणा, बाहेर काढून बघा. पोहायला जाताना अंगठ्या काढा. तलावातल्या क्लोरीनने सोन्यात मिसळलेले इतर धातू खाल्ले जातात आणि पकडीचे काटे ठिसूळ होतात. अंगठी कानाशी धरून हलकी टिचकी मारा. खडखड ऐकू आली तर खडा सैल आहे. पदराचे धागे अडकायला लागले तर काटा उचलला आहे. दोन्ही वेळा घालणं थांबवून दुरुस्तीला द्या. अंगठी मोठी-लहान करताना किंवा झाळताना पाचू, मोती, पोवळं, ओपल, टॅन्झनाइट हे आधी काढूनच घ्यायला सांगा. हिराही उघड्या ज्योतीत तापला तर पृष्ठभागावर जळून धुरकट होतो, म्हणून कारागीर त्यावर आधी बोरिक ॲसिडचा लेप देतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, पाचू पुन्हा रोज घालावा का. माझ्या मते नाही. दुरुस्त झाल्यावर सणाला, समारंभाला घाला, स्वयंपाकघरात शिरण्याआधी काढा. रोज हिरवा खडाच बोटात हवा असेल तर हिरवा नीलम, म्हणजे कुरुंदाचाच हिरवा प्रकार, किंवा जेड घ्या, दोघेही खरोखर दणकट. आणि आईचा पाचू तेल द्यायला पाठवण्याआधी खडा मोकळा करून तुमच्यासमोर कॅरेटमध्ये वजन करायला सांगा, भिंगातून दिसणाऱ्या भेगांसकट मोबाइलवर फोटो काढून घ्या, आणि पावतीवर वजन, खड्याची मापं आणि "फक्त देवदारी तेल, रेझिन नाही, मशीनमध्ये धुऊ नये" हे शब्द लिहून घ्या. परत आल्यावर तेच वजन, त्याच भेगा, तोच खडा, हे त्या फोटोशी ताडून मगच कोंदणात बसवा.